एका संगणकाची खातेनिहाय चौकशी

सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला दोन गोष्टींची सवय जडते. काहीही घडले की त्याची नोंद करावयाची, ही एक. आणि घडल्या गोष्टीस जबाबदार कोण, हे शक्य तितक्या लवकर ठरवून मोकळे व्हावयाचे, ही दुसरी. यांपैकी पहिली सवय चांगली आहे. दुसरी किती घातक आहे, हे मला माझ्या घरातील एका जुन्या संगणकाने शिकविले. त्याचीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या माझ्या वडिलांनी 1989 साली टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. पुढे आजी गेली, वडीलही गेले. मागे राहिल्या त्या तीन फिती. नोकरीनिमित्त मी सध्या शिलाँगला असतो. माझी नऊ वर्षांची मुलगी घरात मराठी बोलते खरी. पण तिच्या कानावर पडणारी मराठी ती केवढी? आईबापांची, आणि सुटीत येणाऱ्या चार पाहुण्यांची. तिने आपल्या पणजीचा आवाज ऐकावा, ते शब्द तिच्या कानावरून जावेत, अशी फार इच्छा होती. म्हणून मी त्या फिती गावाकडच्या एका वृद्ध गृहस्थांकडे पाठविल्या. जुन्या फितींवरील आवाज संगणकावर उतरवून देण्याचे काम ते घरीच करतात. महिन्याभराने त्यांच्याकडून ध्वनिमुद्रणे आली. प्रत्येक ओवीचा त्यांनी स्वतंत्र तुकडा केला होता.

संध्याकाळी मुलीला शेजारी बसवून मी पहिली ओवी लावली. ती संपल्यावर मुलीने विचारले, “बाबा, जात्यात वैरण कशी घालतात? वैरण तर गाई खातात ना?” जात्याच्या तोंडात मुठीमुठीने जे धान्य टाकतात त्यालाही वैरणच म्हणतात, हे मी तिला समजावून सांगितले आणि दुसरी ओवी लावली. आवाज आला नाही. पडदा जागच्या जागी गोठला, माऊसचा बाण हलेना, आणि कळफलकावरील कॅप्स लॉकचा दिवा एकसारखी उघडझाप करू लागला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. दोन ओव्या ऐकून झाल्या आणि तिसरीला तोच प्रकार! “पणजी परत थांबली,” असे म्हणून मुलगी खेळावयास निघून गेली.

मी तत्काळ निकाल दिला. इतर सर्व कामे हा संगणक बिनतक्रार करतो. ओव्या लावल्या की मात्र मान टाकतो. त्या अर्थी दोष ओव्यांच्या मुद्रणात आहे, आणि ते मुद्रण ज्यांनी उतरविले त्यांचा आहे. मी त्या वृद्ध गृहस्थांना दूरध्वनी केला आणि काम नीट झालेले नाही, असे जरा कडक शब्दांत सुनावले. ते फक्त इतकेच म्हणाले, “माझ्याकडं तर वाजतंय साहेब. पुन्हा करून पाठवू का?” मी “पाठवा” म्हणालो. पैशांचा विषय मी काढला नाही, आणि त्यांनीही काढला नाही.

त्यांनी पुन्हा पाठविले. यंत्र पुन्हा बंद पडले.

मग मी स्वतः दुरुस्तीच्या मागे लागलो आणि अधीर माणूस जे करतो तेच केले. एकाच रात्रीत वाजविण्याचा प्रोग्रॅम बदलला, प्रणालीची नवी आवृत्ती घातली, ध्वनिक्षेपक बदलले आणि कुठे कुठे वाचलेले दोन-तीन तोडगेही करून टाकले. दोन दिवस मी एकटा बसून ओव्या वाजवून पाहिल्या, सर्व सुरळीत. तिसऱ्या दिवशी मुलगी शेजारी येऊन बसली आणि पंधरा मिनिटांत पडदा गोठला. माझी पत्नी हसत म्हणाली, “पोरीचा पायगुण म्हणायचा!” मला मात्र हसू आले नाही. पाच गोष्टी एकदम बदलल्यामुळे त्यांपैकी कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही, हे सांगण्याचे साधनच मी माझ्या हाताने नाहीसे केले होते.

येथे या यंत्राच्या अंतरंगाविषयी थोडे सांगितले पाहिजे. माझा संगणक लिनक्स या प्रणालीवर चालतो. 1991 साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. आज आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तीच आहे. या प्रणालीच्या मध्यभागी असतो तो कर्नल, म्हणजे गाभा. स्मृतीची वाटणी, कामांचा क्रम, प्रत्येक उपकरणाशी बोलणे, हे सर्व अधिकार त्याच्या हाती असतात. आपण वापरतो ते प्रोग्रॅम कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या नागरिकांसारखे खिडकीबाहेर उभे असतात. त्यांच्यापैकी कोणी चुकला तर गाभा त्याला बाहेर काढतो आणि कचेरी चालू राहते. परंतु ध्वनियंत्र, पडदा, तबकडी या उपकरणांना हाकणारे जे ड्रायव्हर, म्हणजे त्यांचे सारथी, ते लिनक्समध्ये गाभ्याच्याच दालनात बसतात. शिक्का त्यांच्या हाती असतो. त्यांच्यापैकी एकाने चुकीच्या कागदावर शिक्का मारला, तर सारी कचेरी कोसळू शकते. म्हणून “साधे गाणे लावल्याने संपूर्ण यंत्र कसे बंद पडेल?” हा प्रश्न वरवर रास्त वाटला, तरी त्याचे उत्तर अवघड नाही. गाणे लावणे ही आपल्याला क्षुल्लक वाटणारी क्रिया गाभ्याच्या थेट आतल्या दालनापर्यंत पोहोचते.

ही क्रिया घडते कशी, तेही पाहू. स्वच्छ ध्वनीसाठी दर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने लागतात. दोन कानांसाठी दोन ओळी आणि प्रत्येक नमुन्यास दोन बाइट धरले, तर सेकंदाला 1,76,400 बाइट होतात. एवढा माल मुख्य प्रक्रियकाने हातोहात वाहून नेला तर त्याला दुसरे काही सुचणार नाही. म्हणून स्मृतीत एक वर्तुळाकार कोठार राखून ठेवतात. प्रोग्रॅम एका बाजूने ते भरतो, ध्वनियंत्र दुसऱ्या बाजूने आपले आपण उचलून नेते, आणि ठराविक भाग संपला की गाभ्याला हाक देते. गाभा एकाएकी निवर्तला तरी ध्वनियंत्राला ते कळत नाही. ते त्याच कोठाराभोवती फिरत राहते. पुष्कळदा यंत्र गोठताना एकच अक्षर अडकलेल्या तबकडीसारखे पुन्हापुन्हा ऐकू येते, त्याचे कारण हे. याचा अर्थ असा की, तसे अक्षर ऐकू आले तर यंत्र वाजता वाजता बंद पडले. माझ्याकडे तर एकही अक्षर ऐकू आले नव्हते! आवाज सुरू होण्यापूर्वीच यंत्र बंद पडत होते. पहिल्याच दिवशी ही साक्ष माझ्या कानांसमोर होती. मी ती नोंदविली नाही.

शेवटी मी पुण्यास अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याला विचारले. त्याने प्रथम ओव्यांची एक प्रत वेगळ्या जागी काढून ठेवावयास सांगितले, कारण वारंवार असे बंद पडणाऱ्या यंत्रात तबकडीवरचे लिखाणही खराब होऊ शकते. मग तो म्हणाला, “मामा, तुम्ही ऑफिसात चौकशी करता तशी करा ना. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवा. यंत्र बंद पडलं तेव्हा काय चाललं होतं, हे तर लिहाच. पण त्याच्या आधीच्या मिनिटात काय चाललं होतं, तेही लिहा.”

त्याचे बोलणे मला लागले, कारण ते खरे होते. जी शिस्त मी माझ्या हाताखालच्या मंडळींना शिकवितो, ती मी घरी पाळली नव्हती. केलेले सर्व बदल मी मागे घेतले, वही घेतली, रकाने आखले आणि खऱ्या अर्थाने चौकशी सुरू केली.

पहिला प्रश्न, मुद्रणे दोषी आहेत का? ती सर्व मुद्रणे न वाजविता दुसऱ्या जागी नकलून पाहिली; काही झाले नाही. तीच मुद्रणे पत्नीच्या संगणकावर लावली. एकही अडखळली नाही. दुसरा प्रश्न, वाजविण्याचा प्रोग्रॅम? तीन वेगळे प्रोग्रॅम लावून पाहिले. तिन्हींत केव्हा ना केव्हा यंत्र बंद पडले. तिसरा प्रश्न, स्मृती सदोष आहे का? ही शंका नेहमी घ्यावी, कारण सदोष स्मृती दरवेळी वेगळेच सोंग घेते. तिच्यासाठी मेमटेस्ट नावाची एक परीक्षा असते. ती रात्रभर चालू ठेवली. सकाळी एकही चूक निघाली नाही. चौथा प्रश्न, यंत्रातील ध्वनिसंच टाळून आवाज दुसऱ्या वाटेने नेला तर? यूएसबीवर चालणारे श्रवणयंत्र लावले. त्याचा सारथी वेगळा असतो. मुलगी दोन दिवस त्यावर ओव्या ऐकत होती. यंत्र एकदाही बंद पडले नाही. संशयितांची यादी आता एकावर आली: यंत्रातील अंगभूत ध्वनिसंच आणि त्याचा सारथी.

आता मृताचे अखेरचे शब्द हवे होते. गाभ्याला आत काही विपरीत आढळले तर तो दोन प्रकारे वागतो. संकट आवरण्याजोगे असेल तर एक निवेदन लिहून, दोषी काम तेवढे थांबवून तो पुढे चालतो. या निवेदनाला इंग्रजीत ‘ऊप्स’ असे गमतीदार नाव आहे; आपण त्याला ‘अरेच्चा’ म्हणू. संकट मोठे असेल तर तो जाणूनबुजून सर्व कारभार थांबवितो, कारण बिघडलेल्या अवस्थेत तबकडीवर भलतेसलते लिहिण्यापेक्षा थांबणे बरे. याला ‘पॅनिक’ म्हणतात, म्हणजे गाभ्याने हाय खाल्ली. कॅप्स लॉकचा लुकलुकणारा दिवा ही त्याचीच खूण होती. अडचण अशी की, अशा वेळी अखेरचे निवेदन तबकडीवर उतरण्यास पुष्कळदा सवडच मिळत नाही. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने मागच्या खेपेच्या नोंदी वाचता येतात. मी त्या वाचल्या. शेवटची पाने कोरी होती.

यावर उपाय आहेत. ‘केडंप’ नावाच्या व्यवस्थेत एक दुसरा गाभा स्मृतीच्या राखीव कोपऱ्यात आधीच निजवून ठेवलेला असतो. पहिला कोसळला की तो उठतो आणि सर्व स्थितीचा पंचनामा करून ठेवतो. त्याहून साधा उपाय ‘नेटकन्सोल’. गाभा आपली निवेदने तबकडीवर लिहितो तशीच ती तारेने जोडलेल्या दुसऱ्या संगणकाकडेही पाठवीत राहतो. आम्ही दोन्ही संगणक तारेने जोडले, मुलीला ओव्या लावावयास सांगितले आणि वाट पाहत बसलो. यंत्र बंद पडावे म्हणून उत्सुकतेने वाट पाहण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग!

सातव्या ओवीला यंत्राने मान टाकली आणि शेजारच्या पडद्यावर चाळीसएक ओळी उमटल्या. त्या पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्यांतील एका भागात, कोणत्या कामाने कोणत्या कामास बोलाविले, याची साखळी असते. सर्वांत अलीकडचे नाव वर असते, म्हणून ती खालून वर वाचावी. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. तरी एक शब्द मला पुन्हापुन्हा दिसला: ‘रिझ्यूम’, म्हणजे थांबलेले पुन्हा सुरू करणे. वाजविण्याचे नाव त्या साखळीच्या तळाशी होते. वर सर्वत्र होते ते झोपेतून उठविण्याचे काम.

मी वही उघडली. यंत्र बंद पडण्याच्या अकरा नोंदी होत्या, आणि ‘त्यापूर्वी काय चालले होते’ या रकान्यात अकरा वेळा जवळपास एकच मजकूर होता: मुलीने शब्दाचा अर्थ विचारला; खुंटा म्हणजे काय, ते सांगितले; सासुरवास म्हणजे काय, ते सांगितले; चहा आला. प्रत्येक वेळी आधी एखाद्या मिनिटाची शांतता होती. मी एकटा असताना ओव्या एकामागून एक सलग वाजत. मध्ये कोणी काही विचारीत नसे. म्हणून तेव्हा यंत्र बंद पडत नसे.

उलगडा झाला तो असा. वीज वाचविण्यासाठी, काही सेकंद आवाज नसला की ध्वनिसंच झोपी जातो. पुन्हा आवाज हवा असला की सारथी त्याला उठवितो आणि प्रश्न विचारतो. आमच्या यंत्रातील ध्वनिसंचास उठावयास कधीकधी जरा उशीर होत होता. आता, जे उपकरण उत्तरच देत नाही त्याच्याकडून वाचलेल्या द्विमान आकड्यात सर्वच्या सर्व अंक ‘एक’ असे येतात. बत्तीस अंकांच्या जागेत ती संख्या 4,29,49,67,295 होते. हे खरे उत्तर नव्हे, ते निरुत्तर मौन आहे. परंतु कोणी ते खरे उत्तर मानून पुढे पाऊल टाकले, तर जेथे जमीनच नाही तेथे पाय पडतो. आमच्याकडे तेच घडत होते.

तर्क झाला; आता प्रमाण हवे होते. चार तास सलग ओव्या वाजविल्या. काही झाले नाही. मग दर ओवीनंतर एक मिनिट थांबून पुढची लावली. नवव्या खेपेस यंत्र बंद. नंतर त्या सारथ्याची ‘पॉवर सेव्ह’ नावाची एक किल्ली आहे, तिच्याकडे वळलो. किती सेकंदांच्या शांततेनंतर झोपावयाचे, तो आकडा तिच्यात असतो, आणि शून्य म्हणजे झोपूच नये. मी शून्य लिहिले आणि दर मिनिटाच्या विश्रांतीने दोनशे वेळा आवाज लावून पाहिला. यंत्र दोनशेही वेळा वाजले.

येथे थांबता आले असते. पण हा उतारा होता. रोगाचे निदान ज्यांनी करावयाचे त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नव्हते. लिनक्सच्या गाभ्याची मूळ संहिता सर्वांना खुली असते आणि तिची निगा राखणारी माणसे जगभर आहेत. त्यांना कळवावयाचे तर तक्रारीचा सूर नको, वृत्तांत हवा. यंत्राचे नेमके नाव, गाभ्याची आवृत्ती, सर्वांत नव्या आवृत्तीवरही दोष दिसतो की नाही, ते अखेरचे निवेदन काटछाट न करता, आणि दोष हुकमी घडवून आणण्याची रीत, एवढे त्यात असले पाहिजे. गाभ्यात एखादा बंद संहितेचा परका भाग घातलेला असेल तर निवेदनात तशी ‘डागाळलेला’ अशी खूण उमटते. तो भाग काढून परीक्षा पुन्हा करावी, म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ जात नाही. पूर्वीच्या आवृत्तीत दोष नव्हता आणि नव्या आवृत्तीत आला, असे असेल तर आणखी एक उत्तम साधन आहे. दोन आवृत्त्यांच्या दरम्यान झालेल्या बदलांची रांग मधोमध कापावयाची, मधली आवृत्ती तपासावयाची, आणि दोष ज्या अर्ध्यात असेल तो अर्धा पुन्हा कापावयाचा. दहा हजार बदलांतून एक अपराधी बदल अशा चौदा परीक्षांत सापडतो. आमच्या प्रकरणी ती वेळ आली नाही. ज्या यंत्रांवर ही वीजबचत सोसत नाही त्यांची एक यादी त्या सारथ्याच्या संहितेतच 2018 पासून आहे. आमच्या यंत्राची ओळख त्या यादीत घालून पाहावी, असे उत्तर आले. आम्ही घातली, तपासली, आणि तसे कळविले. एक ओळ! परंतु तेच यंत्र वापरणाऱ्या आणखी कोणाला माझ्यासारखी वही घालावी लागू नये, एवढे काम ती करते.

यंत्राची चौकशी येथे संपली. माझी संपली नव्हती. मी त्या वृद्ध गृहस्थांना पुन्हा दूरध्वनी केला. दोष त्यांच्या कामात नव्हता, माझ्या यंत्रात होता, हे सांगितले, क्षमा मागितली आणि दुसऱ्या खेपेचे पैसे पाठवितो, असे म्हटले. दोष नेमका कशाचा होता, असे त्यांनी विचारले. दोन ओव्यांच्या मधल्या शांततेचा होता, हे मी त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग चूक माझीच म्हणायची साहेब. सगळं सलगच ठेवणार होतो मी. पण लेकराला ऐकवायच्यात असं तुम्ही म्हणाला होतात. म्हटलं, लेकरू मधे काहीतरी विचारील, म्हणून ओवी-ओवी वेगळी केली.”

यावर मला काही बोलता आले नाही. ज्या कामाबद्दल मी त्यांना दोष दिला होता, त्यात त्यांनी माझ्यापेक्षा अधिक विचार केला होता.

दुसऱ्या खेपेचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. ती वही मी अजून ठेवली आहे आणि कचेरीत एखाद्या प्रकरणावर सही करण्यापूर्वी मला तिची आठवण होते. घटना कोणत्या क्षणी घडली, हे सर्वांनाच दिसते. तिच्या आधीच्या मिनिटात काय घडले, हे विचारल्यावाचून कोणाचे नाव लिहू नये, एवढे मी शिकलो. संध्याकाळी मुलगी ओव्या लावते. एक संपली की काहीतरी विचारते, मी सांगतो, कधी मलाही सांगता येत नाही आणि गावाकडे विचारावे लागते. मग ती पुढची ओवी लावते, आणि पणजी पुन्हा गाऊ लागते.